उरलेल्या फोटोंतली बाई

"आत कोण न्हाई, कॉम्प्युटरवाली हाय. बोला तुमी बिनघोर," काका बाहेर कुणाला तरी म्हणाले.

कॉम्प्युटरवाली म्हणजे मी. धारूरच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत, प्लायवूडच्या पार्टिशनमागे बसून मी लग्नाचे अल्बम बनवते. काका म्हणजे स्टुडिओचे मालक. त्या दुपारी मी एका नवरदेवाच्या फेट्याचा रंग बदलत होते, कारण तो नवरीच्या शालूशी जुळत नाही अशी नवरीच्या बहिणीची तक्रार होती. लग्न होऊन पाच महिने झाले होते, पण फेटा अजून जुळायचा राहिला होता.

"हिची आई वारली," बाहेरचा माणूस म्हणाला. "परवा तेरवी हाय. फोटो करायचाय, हार घालायला."

मी माउसवरचा हात काढला. आवाज ओळखीचा होता. गेल्या उन्हाळ्यात हा माणूस दोन दुपारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून पुतणीच्या लग्नाचे फोटो निवडत होता. स्क्रीनवर फोटो आला की "घ्या" किंवा "सोडा", एवढंच बोलायचा. माझ्याकडे मान वळवून त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्यामुळे मला त्याचा चेहरा नीट आठवत नव्हता, पण तो "सोडा" मात्र पक्का लक्षात होता.

आणि जी वारली तिलाही मी ओळखत होते. ती कधी दुकानात आली नव्हती.

मी या पार्टिशनमागे कशी आले, ते थोडक्यात सांगते. माझी शाळा अंबाजोगाईला, इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. इंग्रजी धड यायचं नाही, म्हणून मी न बोलण्याचा मार्ग धरला. सुट्टीत गावी गेले की चुलत बहिणी माझ्या "आहे" आणि "नाही"ला हसायच्या. "बगा बगा, कशी पुस्तक वाचल्यावानी बोलायली," असं म्हणून एकमेकींना ढोसायच्या. मग तिथेही गप्प. पुढे वडिलांची बदली धारूरला झाली, भाऊ पुण्याला नोकरीला गेला, माझी पदवी झाली. एका परीक्षेच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढायला मी या दुकानात आले. काका म्हणाले, "तू इंग्लिश मिडियमची ना? मग नवरा-नवरीच्या खाली दोन वळी टाकत जा चांगल्या." परीक्षेचं काही झालं नाही. वळी टाकणं मात्र चालू राहिलं.

किल्ल्याच्या तटावर पाठीला पाठ लावून बसलेल्या जोडप्यांखाली मी इंग्रजीत प्रेमाच्या ओळी लिहिते. त्या कुणी वाचत असेल असं वाटत नाही. ओळी असल्या की पान भरलेलं दिसतं.

हळूहळू पूर्ण अल्बम माझ्याकडे आले. काकांनी एकदाच शिकवलं. "अल्बम म्हंजी पिच्चर हाय. गणपती, पत्रिका, हळद. मग नवरदेवाची एंट्री. मग फायटिंग."

"फायटिंग?" मी विचारलं.

"पंगत गं. अन् शेवटी रडारड. रडल्याबिगर अल्बम संपवायचा न्हाई. पैसे वसूल झाल्यावानी वाटत न्हाई लोकांला."

तर असे मी पिच्चर बनवते. एका लग्नाचे हजारो फोटो येतात, मी ते आठवडाभर बघते. मोठे करून बघते, कारण डाग काढायचे असतात. कुठल्या नवरीच्या हनुवटीखाली तीळ आहे, कुणाचा दात कोपऱ्यात तुटला आहे, कुठला बाप पाठवणीच्या वेळी लोकांकडे पाठ करून बाहीने डोळे पुसतो, मला सगळं माहीत असतं. मग त्याच नवऱ्या मला सोमवारच्या बाजारात दिसतात, मेथीची जुडी उलटी करून बघताना. एकदा त्यांतल्या एकीला बघून मी हसले. तिने मागे वळून पाहिलं. आपल्यामागे कोण उभं आहे, ही मुलगी कुणाला हसली, म्हणून. तिच्या मागे कुणी नव्हतं. मी कांद्याचा भाव विचारला आणि निघाले. त्यानंतर बाजारात मी जमिनीकडे बघत चालते.

घरी गेल्यावर आई विचारते, जेवलीस का. वडील विचारतात, लाइट होती का. त्यापुढे विचारण्यासारखं कुणाकडे काही नसतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, पण ती सगळी परक्यांची लग्नं.

दसऱ्यानंतर गावोगावच्या टोळ्या ट्रकांत बसून कारखान्यांवर जातात. घरंच्या घरं कुलपं लावून ऊस तोडायला निघतात. मग आमच्याकडे लग्नं नाहीत, बारसं नाही, पासपोर्ट फोटोलाही माणूस नाही. काका समोरच्या हॉटेलात चहा पीत बसतात. त्या दिवसांत मी उरलेले फोटो उघडते. घरच्यांचं निवडून झाल्यावर जे मागे राहतात, ते. काका अधूनमधून म्हणतात, "डिलीट कर ते, जागा खायलेत." मी "हो" म्हणते.

अल्बमात न बसणारी सगळी माणसं उरलेल्यांत असतात. कढईशेजारी पोत्यावर झोपलेला आचारी. घोड्याला पाणी पाजणारा घोडेवाला. नवरीच्या मैत्रिणींमधली ती एक, जी प्रत्येक फोटोत अर्धी कापलेली आहे. मी त्यांचे माझे मीच अल्बम लावते. छापत नाही, कुणाला दाखवतही नाही. नुसते एकापुढे एक ठेवते आणि त्यांचं काय चाललं होतं ते बघते.

तशीच मला ती बाई सापडली होती.

त्या लग्नात कन्यादानाला नवरीचे थोरले चुलते, तेच ते "सोडा"वाले, आणि चुलती बसले होते, म्हणजे वडील नाहीत हे कळत होतं. मग आई कुठे आहे, म्हणून मी शोधायला लागले. आमच्याकडे नवरा नसलेली बाई शुभकार्यात पुढे येत नाही. तिला कुणी मागे हो म्हणत नाही, तीच आपली मागे जाऊन उभी राहते. त्यामुळे अशा आया अल्बमात जवळजवळ नसतातच. असल्या तर पाठवणीच्या पानावर, तेही मुलीच्या मिठीत, म्हणजे चेहरा मुलीच्या खांद्यात.

ती हळदीच्या फोटोंत दाराच्या आड होती. चौकटीवर फक्त तिची बोटं दिसत होती. डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांबरोबर वळलेली नव्हती, काडीसारखी सरळ बाहेर राहिलेली. पंगतीच्या फोटोंत ती पाण्याचा जग घेऊन चालली होती, चॉकलेटी साडी, बारीक पिवळा काठ, आणि जगाच्या कडीबाहेर ती करंगळी. पदर प्रत्येक फोटोत तोंडावर, दातांत धरलेला. मी तिच्या मागे मागे चालले. एका फोटोतून बाहेर गेली की पुढच्यात शोधायचं. दोन-तीन दिवस मला त्या दुकानात एकटं वाटलं नाही.

आणि मग तो अक्षतांचा फोटो. मंगलाष्टकं संपता संपता स्टेजवरून समोरच्या गर्दीचा एक फोटो काढतात, सगळ्यांचे हात वर आणि हवेत अक्षता. आमच्या भागात अक्षता ज्वारीच्या असतात, गुलाबी रंगवलेल्या. चुलत्यांनी निवड करताना तोच फोटो पाहून म्हटलं होतं, "हे सोडा. ह्यात नुसता माझा फेटा दिसायलाय." खरंच तसं होतं. ते शेजारच्या कुठल्या तरी पुढाऱ्याच्या कानात काही सांगायला वाकले होते, आणि फोटोच्या मधोमध त्यांचा भला मोठा केशरी फेटा.

त्या फेट्याच्या मागे ती होती.

ह्या सगळ्या गोष्टी त्या दुपारी मला क्षणात आठवल्या. तोवर बाहेर बोलणं पुढे गेलं होतं.

"दुसरा फोटो न्हाई का?" काका विचारत होते.

"कुटला आलाय फोटो? हे आधारवरचा हाय बघा."

"नवरा आधी गेलता का?" हा प्रश्न काकांना विचारावाच लागतो.

"लई वर्सं झाली त्याला."

"मग कुंकू न्हाई. साडी कोणती टाकू?"

चुलते म्हणाले, "चांगली टाका शेठ. पैठणी टाका." त्यांचा आवाज बदलला. "भाऊ गेल्यावर माझ्याच टोळीत होती ती. अर्धा कोयता म्हणून." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. "तिच्या वाटंची मोळी कवा दुसऱ्याला बांधू दिली न्हाई तिनं. चिखलात जलम गेला. आता फोटोत तरी नीट दिसू द्या."

ते रडत होते की काय, कळलं नाही. "घ्या" आणि "सोडा"शिवाय त्यांच्याकडे इतके शब्द असतील असं मला वाटलं नव्हतं.

पार्टिशनच्या फटीतून काकांनी आधार कार्ड आत सरकवलं. "बाई, एवढी बॉडी बसवून दे."

बॉडी म्हणजे तयार अंग. मान, खांदे, साडी, दागिने आधीच असतात, त्यावर चेहरा बसवायचा. आमच्याकडे पैठणीची एकच बॉडी चांगली आहे. त्यामुळे आसपासच्या कितीतरी घरांत भिंतीवर वेगवेगळ्या बायका आहेत, पण गळा आणि गळ्यातली बोरमाळ एकच आहे. आजवर कुणी तक्रार केली नाही.

आधारवरचा चेहरा कॅमेऱ्यासमोरच्या उजेडाने मिटत आलेला होता. ओठ घट्ट. मी तो कापला, रंग जुळवला, पैठणीवर बसवला. हाताला सवय आहे, वेळ लागला नाही. मग बाहेरच्या स्क्रीनवर पाठवला. काउंटरवर गिऱ्हाइकाला दाखवायला एक दुसरा स्क्रीन आहे, मी इथून जे पाठवते ते तिथे दिसतं. माझं लोकांशी बोलणं असतं ते एवढंच.

बाहेरून एका मुलीचा आवाज आला. तोवर ती बोललीच नव्हती.

"हे कोण हाय?"

रागाने नाही. खरोखर विचारत होती.

"आई हाय की गं तुजी," चुलते म्हणाले. "आधारवरचंच तोंड हाय."

"हाय. पण आईवानी दिसंना, तात्या." थोड्या वेळाने ती म्हणाली, "घरात दुसरा न्हाई का एक बी फोटो. माज्या अल्बमात न्हाई. मी कालपासून सगळी पानं बघायले. रडतानाचा हाय तर त्यात तिचं डोकं हाय नुसतं."

मला तिचा अल्बम पानापानाने आठवत होता. शेवटचं पान मीच लावलं होतं.

"आता काय करायचं मग," काका म्हणाले. "रडू नको बाई. थोडं उजळ करू का?"

मी उरलेले फोटो उघडले. अक्षतांचा फोटो शोधायला लागला नाही. चुलत्यांचा फेटा कापून बाजूला केला, मागचा चेहरा मोठा केला आणि बाहेर पाठवून दिला. मला वाटलं, दिसेल तेव्हा कळेलच.

"हे काय आलं मधीच?" काका म्हणाले.

"माज्या लग्नातलं हाय हे," मुलगी म्हणाली. "मंडप आमचाच हाय." मग तिने अगदी हळू विचारलं, "तात्या, ही आई हाय का?"

पार्टिशनच्या फटीतून मला तिचा खांदा आणि चुलत्यांची वाकलेली मान दिसत होती. ते स्क्रीनजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला.

"न्हाई गं," ते म्हणाले. "ही नवरदेवाकडली कोण तरी आसंल."

"साडी तशीच वाटायली."

"तसल्या साड्या चार जणींच्या आंगावर व्हत्या. अगं, तुजी आई अशी हसती का? इतकी वर्सं एका टोळीत काढली, मी तिचे दात बघितले न्हाईत. समोर आली की पदर तोंडाला. अन् ही बघ, आख्खं तोंड उघडून हसायली."

"फोटो बी फुटायलाय," काकांनी जोड दिली. मोठा केलेला फोटो दाणेदार होतो, त्याला आम्ही फुटणं म्हणतो. "अन् हसता फोटो तेरवीला कुणी लावत न्हाई, तात्या. लोक नावं ठेवतेत."

"ते राहू द्या. आई हाय का न्हाई तेवढं सांगा मला," मुलगी म्हणाली. "मला कळंना, मी बी तिला अशी हसताना कवा बघितली न्हाई. मी तर तवा खाली मान घालून हुबी होते." तिचा आवाज फाटला. "तुमाला कळत न्हाई, मला कळत न्हाई, मग कुणाला विचारू?"

"मग कशाला तो नाद? परक्याची बाई भिंतीला लावायची का? पैठणीचाच करा शेठ."

"थांबा की जरा!"

"परवा तेरवी हाय बाळा."

काकांनी पार्टिशनवर टकटक केलं. म्हणजे पैठणीवाला प्रिंटला टाक.

मी आणखी फोटो पाठवू शकले असते. दाराआडची बोटं, पाण्याचा जग. पण त्या सगळ्यांत पदर तोंडावर होता आणि चुलते पुन्हा म्हणाले असते की साड्या चार जणींच्या होत्या. त्या फोटोंना एकापुढे एक लावून कुणीतरी सांगावं लागलं असतं. आणि माझ्याशिवाय ते कुणी पाहिले नव्हते. प्रिंटचं बटण माझ्या बोटाखाली होतं. ते दाबलं असतं तर उद्या ती बोरमाळेचा गळा घेऊन निघून गेली असती, आणि त्या फोटोला रोज हात जोडताना तिने रोज हाच प्रश्न विचारला असता, हे कोण आहे.

मी उठले. खुर्ची मागे भिंतीला आपटली. पार्टिशनच्या बाहेर गिऱ्हाईक असताना मी येत नाही, काकाही चमकले.

ती माझ्याच वयाची होती. हनुवटीखालचा तीळ तिथेच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मागे वळून पाहिलं नाही, कारण तिच्या मागे भिंत होती.

मी स्क्रीनपर्यंत गेले. फोटोत त्या बाईचा उजवा हात नुकत्याच अक्षता टाकून वर होता, आणि डावा पदर सावरायला तोंडाकडे निघालेला, बोटं अर्धी मिटलेली. मी करंगळीवर बोट ठेवलं. ती मिटलेली नव्हती.

मुलीने स्वतःची ओढणी तोंडात धरली, अगदी तशी.

"तात्या, बोट बगा. कोयता लागलेलं."

चुलते खूप वेळ वाकून बघत राहिले. त्यांनीच कधीतरी ते बोट बांधलं असेल, फडात, कुठल्या तरी चिंधीने. मला काय माहीत, पण त्यांच्या बघण्यावरून तसं वाटलं. ते खुर्चीत बसले.

"हाच करायचा," मुलगी म्हणाली. "फुटू द्या फुटला तर. पदर नका वढू, साडी नका बदलू."

"पैठणी..."

"नगं, तात्या."

त्यांनी मान हलवली. "करा मग," ते काकांना म्हणाले. मग प्रथमच माझ्याकडे बघितलं. चेहरा रापलेला, डोळे लाल. "पण पोरी, तू कवापासून वळखतीस हिला? तू तवा लग्नात व्हतीस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग एवढं सांग मला. पोरगी सासरी चालली, अन् हिला त्या टायमाला हसायला काय झालतं?"

मला उत्तर माहीत होतं. त्या फोटोच्या आधीच्या फोटोत तिची मूठ वर होती आणि तोंडावर पदर होता. नंतरच्या फोटोत पदर परत तोंडावर होता. मधल्या त्या एका फोटोत काय झालं ते मी उरलेल्यांत कितीदा तरी पाहिलं होतं, आणि कुणाला तरी सांगावंसं वाटून घरी जाऊन लाइट होती म्हणून सांगितलं होतं. मी स्क्रीनवरचा फोटो लहान केला, कापलेला भाग परत आणला. गर्दी आली, पुढारी आला, मधोमध केशरी फेटा आला, आणि त्याच्या घड्याघड्यांत अडकलेली गुलाबी ज्वारी.

ते तिघं वाट बघत होते. जे बोलणार ते पुस्तक वाचल्यासारखंच येणार, हे मला ठाऊक होतं.

"त्यांना नवरीपर्यंत टाकायच्या होत्या," मी म्हणाले. "पण त्या मागे उभ्या होत्या ना. सगळ्या अक्षता तुमच्या फेट्यावर पडल्या. म्हणून त्या हसल्या आहेत."